शेवटच्या पाण्यात तीन झाकणं

२ फेब्रुवारी, सोमवार

नातीने वही आणून दिली. "आजी, रोज कुठली काच कशाने धुतलीस आणि किती पाण्यातून काढलीस, तेवढं लिहून ठेव." बावीस वर्षं मी या लॅबच्या काचा धुतेय, कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आता हिला लेखी हवं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तर कंटाळेपर्यंत. अक्षर मोठं येतं आणि ओळीबाहेर पळतं. पण लिहिते.

आज फ्लास्क एकोणीस, बीकर अकरा, उंच मोजपात्रं सहा. गरम पाणी आणि ब्रश, मग साबण, मग नळाचं पाणी तीनदा, मग शुद्ध पाणी तीनदा. झालं.

आता बसलेच आहे तर पुढचंही लिहिते. तिला वरच्या दोन ओळी कागदावर उतरवून देईन. वही माझ्याकडेच राहील, कारण लॅबच्या मोठ्या सरांबद्दल मला बरंच लिहायचं आहे.

मी तळघरातल्या धुण्याच्या खोलीत असते. नात तिसऱ्या मजल्यावर, डॉक्टर व्हायचं काम करते. सुई टोचणारी डॉक्टर नव्हे, नावापुढे लावायची. ती इथे रुजू झाली त्याच दिवशी मी बजावलं, लॅबमध्ये तू माझी कुणी नाहीस. आजीच्या वशिल्याने आली असं कुणी म्हटलेलं मला खपणार नाही. सून हसली. "आई, काचा धुणाऱ्या बाईचा वशिला कोण लावेल?" तिला काय कळतंय. तर तिथे नात मला इतरांसारखं मावशी म्हणते, मी तिला मॅडम म्हणते. सगळं अहो-जाहो. घरी येताना बससुद्धा वेगळी.

वरच्या यादीत एक गोष्ट घातलेली नाही, कारण ते धुणं नाही, ती माझी करामत आहे. शुद्ध पाण्यातून काढल्यावर काच निळ्या टबात एकदा बुडवायची. टबात पाणी आणि त्यात चमकेच्या औषधाची तीन झाकणं. इथे यायच्या आधी मी हॉटेलात भांडी धुवायचे, तिथे ग्लासांना वापरायचे. साबण नाही, फेसाचं नाव नाही. पण पाणी काचेवर थेंब धरून बसत नाही, सरकन उतरतं आणि डाग पडत नाही. सर पाहुणे घेऊन आले की माझा फ्लास्क खिडकीपाशी उजेडात धरतात आणि म्हणतात, "आपल्याकडे काच अशी असते." आपल्याकडे म्हणजे कुणाकडे, ते सांगत नाहीत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पोर जेवताना ताटाकडे बघतच नव्हती. विचारलं तर म्हणाली, "पिशव्या फुटतायत."

"कुठल्या पिशव्या?"

मग अर्धा तास. एका जातीची चरबी असते. ती फ्लास्कच्या आतल्या अंगाला पातळ थर देऊन वाळवायची, मग पाणी घालून गरम करून हलवायची. चरबी आपली आपण गुंडाळते आणि तिच्या पिशव्या होतात. इतक्या बारीक की डोळ्यांना नुसतं दुधट पाणी दिसतं. पिशवीची भिंत दुहेरी कापडासारखी, दोन थरांची. आत औषध भरायचं आणि माणसाच्या पोटात पाठवायचं.

"मग अडलं कुठे?"

"टिकत नाहीत ग. आठवडा गेला की गळतात, एकमेकींत मिसळतात. आणि पोटात तर पित्त असतं, ते साबणासारखंच काम करतं. चरबी विरघळवून टाकतं."

"शिवलेल्या नाहीत, म्हणून. तुम्ही नुसतं टाचून ठेवलंय."

तिने घास हातातच ठेवला. "अगं, तेच तर करतेय मी. ही चरबी अशी निवडली आहे की जांभळ्या दिव्याखाली धरली की शेजारच्या शेजारी एकमेकींना धरून बसते. पिशवीची भिंत आतून शिवली जाते. शिवली गेली की निळा रंग येतो."

"आणि येत नाही?"

"कधी येतो, कधी फिका येतो, कधी येतच नाही. सगळं तेच, हात तोच, दिवा तोच. मला कळत नाही."

दिवा बदल म्हटलं. तिने असं बघितलं की जणू मी चंद्र बदल म्हटलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मॅडम धावत तळघरात. "मावशी, एक गोल फ्लास्क द्या, लगेच." सगळे नुकतेच टबातून काढलेले, उलटे घालून निथळत होते. ओली काच मी कुणाला देत नाही, सरांना दिली नाही तर हिला कुठली. पण ही हटेना. शेवटी वैतागून कानतुटका दिला. त्याच्या तोंडाचा टवका उडालाय, त्यात मी ब्रश उभे करून ठेवते. टबाचं तोंड त्याने वर्षभरात पाहिलेलं नाही. तिने नळाखाली, मग शुद्ध पाण्याखाली धरला आणि पळाली. लाज वाटली मला, माझ्या खोलीतून असली काच वर गेली म्हणून.

यादीत लिहिलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सरांनी वर बैठक घेतली. मी बीकर पोचवायला गेले होते आणि पोचवायला जरा वेळ लागला. सर म्हणाले, "३१ मार्चपर्यंत आपण चौदा दिवस टिकलेल्या पिशव्या दाखवू. नाहीतर मॅडमना हा विषय सोडावा लागेल आणि इथली जागाही." आपण दाखवू म्हणे. दाखवायचं हिने, सोडायचं हिने, आपण कोण तर हे.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, आपण धुण्याचं यंत्र घ्यायचा विचार करतोय. माहितीपुस्तक आलंय." मी म्हटलं, घ्या. त्याला बावीस वर्षं शिकवायला मला वेळ होणार नाही.

हिच्याच टेबलाला टेबल लावून दुसरा एक संशोधक बसतो. उंच, मान पुढे, उंटच. तो म्हणाला, "मॅडमच्या सगळ्या सॅम्पलांत एकच ठणठणीत आहे, त्या फुटक्या फ्लास्कातलं. त्या फ्लास्कचा फोटो काढून टेबलावर ठेवा." सगळे हसले. ही हसली नाही. खाली बघून काहीतरी लिहीत राहिली.

कानतुटक्यातलं टिकलं आणि माझ्या आरशासारख्या फ्लास्कांतलं फुटलं. असल्या चरबीचं काय चांगलं होणार, तिला काचेची पारखच नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडम खाली आल्या. रिकाम्या हाताने. स्टुलावर बसल्या, माझं धुणं बघत राहिल्या. मला कुणी बघत बसलेलं आवडत नाही.

"मावशी, हा निळा टब कशाचा?"

"पाण्याचा."

तिने बोट बुडवलं. दोन बोटांत चोळलं. वास घेतला. खालच्या फळीवर बाटली होती, तिची चिठ्ठी वाचली. मग बाटली होती तशी ठेवली आणि वर गेली.

घरी आल्यावर भाजी निवडता निवडता म्हणाली, "आजी, शेवटचं पाणी साधंच वापरलंस तर नाही का चालणार?"

"मला धुणं शिकवू नकोस. मी तुझ्या बापाचे लंगोट धुतलेत."

"मी शिकवत नाही ग."

"मग काय करतेयस?"

"काही नाही," म्हणाली आणि निवडलेली भाजी परत निवडायला घेतली. हल्ली हिचं डोकं ठिकाणावर नसतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दार उघडलं तर रॅकवर सहा फ्लास्क मी न ठेवलेले. काल मी गेल्यावर कुणीतरी धुऊन ठेवलेत. आणि डाग. एकेकावर पंधरा-वीस डाग, पाणी वाळलेलं स्पष्ट दिसत होतं. माझ्या रॅकवर. खालून जाणाऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, म्हातारी संपली.

चिठ्ठी होती, मॅडमच्या अक्षरात. "हे तयार आहेत, हात लावू नये."

तयार म्हणे. सहाच्या सहा टबात बुडवून, निथळून, चिठ्ठीसकट जागेवर ठेवले. चमकत होते. तिला कळलंही नसेल.

३ मार्च, मंगळवार

परत फुटल्या. सून म्हणते, रात्री तोंडात उशी धरून रडत होती. मला ऐकू आलं नाही. माझा कान त्या बाजूचा कमी आहे, असं मी सुनेला सांगितलं.

आज मॅडमनी वर भिंतीतल्या कपाटाला कुलूप लावलं. नवे धुतलेले फ्लास्क आत. म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. बावीस वर्षांत माझ्या हातून एक काच फुटलेली नाही, त्या कानतुटक्याचा कान उंटाने तोडलाय. आणि माझ्याच रक्ताची पोर माझ्यापासून काचा कुलपात ठेवते.

ती विसरते की इमारतीतल्या प्रत्येक कपाटाची दुसरी किल्ली माझ्या जुडग्यात असते.

४ मार्च, बुधवार

सकाळी सातला गेले. कपाट उघडलं. अपेक्षेप्रमाणे डागच डाग. आठ फ्लास्क खाली आणले, टबात काढले, वाळवून परत लावले. गुडघ्यांनी जिन्यावर दोनदा शिव्या दिल्या. आता बघू म्हणावं कशा फुटतात तुझ्या पिशव्या. निदान काच तरी कमी पडायची नाही.

हेही यादीत लिहिलं नाही.

९ मार्च, सोमवार

सहावा घाणा वाया. निळा रंग आलाच नाही, दिव्याखाली पाणी तसंच राहिलं, कोरडं तोंड करून.

मी जिन्यात होते. मला तिथे काम होतं, कठडा पुसायचा होता. मॅडमनी कुलूप काढलं, राहिलेल्यांतला एक फ्लास्क घेतला, खिडकीपाशी उजेडात धरला. सगळ्या बाजूंनी फिरवला. एक डाग नव्हता. मग कपाटाच्या दाराला कपाळ टेकून उभी राहिली, बराच वेळ. दमली असेल.

सर आले. "मॅडम, आपण कारण शोधलं का?"

"माझ्या हाताची चूक आहे, सर."

"नेमकी कुठली?"

"माझीच आहे. आणखी एक घाणा करू द्या, शेवटचा."

"कारण कळलं तर देता येईल. नाहीतर सातव्यांदा तेच होणार." त्यांनी चष्मा टायला पुसला. "पुढच्या सोमवारपासून दिवा आणि मोजणीचं यंत्र आपण यांच्याकडे देऊ." यांच्याकडे म्हणजे उंटाकडे. "आणि काचेच्या धुण्याबद्दल काय ते मला लेखी द्या, यंत्राच्या खरेदीला जोडायचं आहे."

ती लिहायला बसली. मी कठडा दुसऱ्यांदा पुसला.

घरी विचारलं, काय चूक केलीस ती तरी सांग. "जाऊ दे ना, आजी." चूक करायची आणि वर सांगायचीही नाही. हिच्या आजोबांचा स्वभाव उतरलाय. तेही असेच, घड्याळ हरवलं तरी महिनाभर रिकाम्या मनगटावर वेळ बघायचे.

१३ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहिते, कारण उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगायला लागेन.

वरून चार बीकर मागवले. घेऊन गेले. मॅडम उंटाला काम समजावून देत होत्या. त्याच्याकडे जायचंय ना सगळं. टेबलावर छोटी कुपी, आत दुधट पाणी. म्हणाली, ह्या न शिवलेल्या पिशव्या. मग दुसऱ्या बाटलीतला एक थेंब त्यात टाकला.

दुधट पाणी बघता बघता निवळलं. नळाच्या पाण्यासारखं झालं.

मी म्हटलं, "हे बरं झालं. स्वच्छ झालं."

उंट हसला. "मावशी, स्वच्छ झालं म्हणजे मेलं. दुधट होतं ते पिशव्यांमुळे. सगळ्या विरघळल्या. शिवलेल्या असत्या तर तशाच राहिल्या असत्या. हीच परीक्षा असते."

"काय टाकलंत त्यात?"

"साबण."

"फेस कुठे आहे?"

"सगळ्या साबणांना फेस येत नाही. हा गप्प बसणारा साबण. हॉटेलात ग्लास चमकवायला घालतात ना, त्याच जातीचा."

"पुरे," मॅडम म्हणाल्या. "सॅम्पल गरम होतंय. मावशी, तुम्ही जा, बीकर ठेवून जा." माझ्याकडे बघितलं नाही. कुपीकडेही नाही. फरशीकडे बघत होती.

मी खाली आले. टबाशेजारच्या स्टुलावर बसले. मग बाटली घेऊन तिच्यावरचं सगळं वाचलं, बारीक अक्षरंही, नखाने ओळ धरून. बावीस वर्षांत पहिल्यांदा. चौथीपर्यंतचं शिक्षण आज पुरलं आणि पुरलं नसतं तर बरं झालं असतं.

चरबीचा थर फ्लास्कच्या आतल्या अंगाला देतात. तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं, जेवताना. आतल्या अंगाला माझं औषध.

१४ मार्च, शनिवार

सुट्टी. सगळी भांडी दोनदा घासली. सून म्हणाली, "आई, कढई लहान होईल."

विचार केला की सोमवारी टब उपडा करावा आणि गप्प बसावं. काच आपोआप सुधारेल, कुणाला काही कळणार नाही. पण सोमवारी दिवा उंटाकडे जातो. मग सुधारलेली काच उंटाच्या कामी येणार आणि पोर घरी बसणार, हाताची चूक घेऊन.

सांगितलं तर? यंत्र येईल, मी जाईन. त्याचं मला काही नाही, गुडघे कधीचे जायला टेकलेत. पण सर आता पाहुण्यांना काय दाखवतील. आणि बावीस वर्षांत आणखी कुणाकुणाचं काय काय फुटलं असेल आणि त्यांनी आपल्याच हाताची चूक समजून सोडून दिलं असेल. आमच्याकडे निम्मे लोक दगड आणि माती दळतात, त्यांना फरक पडला नसेल. उरलेल्या निम्म्यांचं मला माहीत नाही. हा विचार कढई घासून जात नाही.

पोर दिवसभर झोपून होती, भिंतीकडे तोंड करून. दोनदा बघितलं. पांघरूण सरकलं होतं म्हणून.

१६ मार्च, सोमवार

सर यायच्या आधी त्यांच्या दारात उभी राहिले, बाटली घेऊन. सांगितलं. टब, तीन झाकणं, कपाटाची किल्ली, सहा फ्लास्क, आठ फ्लास्क. न थांबता.

सर ऐकत राहिले, मग फाइल उघडली. "मावशी, पण मॅडमनी लेखी दिलंय की त्यांच्या काचा त्या सुरुवातीपासून स्वतःच धुतात. तुमचा त्यात संबंध नाही." कागद फिरवून दाखवला. खाली सही होती.

वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. मी धुतलेली एकोणीस-एकोणीस काच ही आपल्या नावावर लावते. "सही तिची आहे," मी म्हटलं, "मजकूर खोटा आहे. हे माझं काम आहे. डाग नसलेली काच या इमारतीत दुसरं कुणी धूतच नाही. बघितलं की कळतं."

"तुम्हाला कळतंय ना, हे तुमच्यावर येईल?"

"काच माझी होती."

"आणि मॅडम?"

"तीही माझीच. मुलाची मुलगी. वशिल्याने आलेली नाही, आधीच सांगते."

सरांनी चष्मा काढला, टायला पुसला, घातला, परत काढला. या माणसाला चष्म्याशिवाय विचार करता येत नाही आणि चष्मा घालूनही फारसा येत नाही. शेवटी म्हणाले, "कारण कळलं तर घाणा देतो असं मी म्हटलं होतं. उद्या सतरा. उद्या दुपारपर्यंत दिवा मॅडमकडे." पहिल्यांदाच आपण म्हणाले नाहीत.

घरी भांडण झालं. चांगलं दणकून. आज एकाच बसने आलो, म्हणून बसमध्येच सुरू झालं.

"तू का सांगितलंस?"

"तू का नाही सांगितलंस? कधीपासून माहीत होतं?"

"टबात बोट घातलं तेव्हापासून."

"तीन आठवडे?"

"तुला म्हटलं होतं मी, शेवटचं पाणी साधं वापर म्हणून."

"असं म्हणतात होय? भाजी निवडत? नीट सांगायचं ना, म्हातारे, तुझ्या टबाने माझं वाटोळं होतंय."

"ऐकलं असतंस?"

पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. मी त्याला म्हटलं, तुमचा थांबा गेला. खरंच गेला होता.

ऐकलं असतं का. नसतं ऐकलं. पण तिने तसं गृहीत धरायला नको होतं. मोठ्यांना विचारून बघायची एक रीत असते. वर माझ्यासाठी स्वतःची जागा घालवायला निघाली होती, मला न विचारता. कुणी सांगितलं होतं? हट्टी. कुणावर गेलीय कोण जाणे.

१७ मार्च, मंगळवार

सहाला उठून गेले. टब उपडा केला. बाटली मोरीत ओतणार होते, पण थांबले, जपून ठेवली. टब सात वेळा धुऊन भिंतीला टेकवला.

काचांवर औषधाचा जुना लेप असणार, म्हणून पोरीने सांगितलं तसं केलं. एका झोंबऱ्या द्रवाने, मग गरम पाण्याने दहा वेळा, शुद्ध पाण्याने दहा वेळा. मोजून. ती शेजारी उभी राहून मोजत होती आणि मी मोठ्याने मोजत होते, म्हणजे तिचं चुकलं तर कळावं.

वाळल्यावर आठच्या आठ फ्लास्कांवर डाग. हात शिवशिवत होते.

"आजी, हे डाग चांगले आहेत."

"डाग चांगला असं म्हणू नकोस माझ्यासमोर. चालतील म्हण."

"चालतील."

साडेअकराला वर बोलावलं. मी बाहेर थांबणार होते, पण उंटाने खुर्ची आणून दिली. एवढा वाईट नाही तो, नुसता लांब आहे. दिव्याला पुठ्ठ्याचा आडोसा होता, डोळ्यांना लागू नये म्हणून. पाच मिनिटं. मग तिने कुपी बाहेर काढली.

निळी. शाई सांडल्यासारखी निळी. आठही.

मी म्हटलं, "आता जेव जा." जेवली.

२२ मार्च, रविवार

कुप्या चांदीच्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये आहेत. उजेड लागू द्यायचा नाही, गरम होऊ द्यायचं नाही. गरम झाल्या तर लाल होतात म्हणे. मी पण होते, त्यात काय विशेष.

आज सुट्टी असून पोर बघून आली. आल्यावर म्हणाली, "आहेत." मी म्हटलं, जातील कुठे.

२७ मार्च, शुक्रवार

यंत्राचं माहितीपुस्तक उंटाने वाचलं. घरी भांडी धुणाऱ्या यंत्राचंच मोठं भावंड आहे. त्यात एक वेगळा कप्पा आहे, शेवटच्या पाण्यात चमकेचं औषध सोडायचा. म्हणजे जे करून मी गुन्हेगार ठरले, तेच करण्यासाठी ते लांबून मागवणार होते. उंट पुस्तक घेऊन सरांच्या खोलीत गेला. यंत्राचं तूर्त बारगळलं.

सर दारातून जाताना मी त्यांच्याकडे बघितलं फक्त. नीट.

तळघरात काचा नुसत्या पाण्याने काढतेय. सगळ्या मजल्यांना चिठ्ठ्या गेल्यात, टबाबद्दल. दोन जणं येऊन विचारून गेली, अमुक वर्षी माझं अमुक बिघडलं ते त्यामुळे का. एकाला म्हटलं, असेल. दुसऱ्याला म्हटलं, तुमचं तुमच्यामुळे. खरं तेच सांगितलं.

३१ मार्च, मंगळवार

चौदा दिवस झाले. सगळे वर. आधी मोजणीच्या यंत्रात घातलं, ते पिशव्यांची जाडी मोजतं. आकडा एकशे बारा. पहिल्या दिवशी एकशे दहा होता. सर म्हणाले, "टिकल्यात. आता साबण."

पोरीने बाटली घेतली आणि मग ठेवून दिली. खिशातून दुसरी काढली. माझी बाटली. कुलपात जपून ठेवलेली, कधी उचलली कोण जाणे. माझ्याच कुलपातून.

"आजी, तू घाल."

सगळ्यांसमोर. "मॅडम," मी म्हटलं, "लॅबमध्ये..."

"घाल ग."

"किती?"

"तुझं ठरलेलंच आहे. तीन."

झाकण नाही, थेंब. पहिला थेंब. दुसरा. निळं जरा जांभळट झालं आणि मी थांबले. "रंग हलतो थोडा," ती हळूच म्हणाली, "त्याचं काही नाही. निवळतंय का ते बघ." तिसरा.

निवळलं नाही.

उभे राहिलो. सरांनी घड्याळ लावलं होतं. दहा मिनिटांनी परत यंत्रात. एकशे चौदा. पोरीने आकडा वाचला, परत वाचला, मग तोंडावर हात घेतला. उंट म्हणाला, "शिलाई पक्की आहे." ते वाक्य माझं होतं, पण असू दे.

सर कागदावर सही करता करता म्हणाले, "मॅडम, अहवालात काचेच्या धुण्याची पद्धत सविस्तर लिहा. कुणी धुतली, कशी धुतली." तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दहा पाणी, लिहा. आणि खरं लिहा या वेळी.

खाली आले. दुपारच्या काचा पडल्या होत्या, त्या काढल्या. फ्लास्क बावीस, बीकर नऊ. गरम पाणी, साबण, नळाचं पाणी दहा, शुद्ध पाणी दहा. रॅकवर लावल्या. छताजवळच्या खिडकीतून ऊन आलं आणि सगळ्या डागांनी भरलेल्या दिसल्या, एकतीसच्या एकतीस.

फडकं खांद्यावर होतं. हात एप्रनच्या खिशात घालून उभी राहिले, वाळेपर्यंत.